उबुंटू काढायचं, पण जागा कुणाला?

अभियांत्रिकीला गेलेलं पोर घरच्या संगणकावर विंडोजशेजारी उबुंटू टाकतं. वर्ष-दोन वर्षं त्यावर शिकतं, मग त्याला स्वतःचा लॅपटॉप मिळतो आणि ते बाहेरगावी जातं. घरच्या मशीनवर शंभर जीबी तसेच अडकून पडतात. ते सोडवायचे कसे, यावर दोन प्रामाणिक मतं ऐकायला मिळतात. एक म्हणतं, नको असलेलं काढा, जागा सी ड्राइव्हला जोडा आणि कामाला लागा. दुसरं म्हणतं, काढण्याआधी थांबा, कारण ऑपरेटिंग सिस्टिम एकाच ठिकाणी राहत नाही आणि मोकळी झालेली जागा मागाल तिथे मिळत नाही. ही दोन मतं इथे दोघींच्या तोंडी घातली आहेत. वहिनी सांगलीत डीटीपीचं दुकान चालवतात. लग्नपत्रिका, बिलबुकं, फ्लेक्सची डिझाइन्स. मेधा त्यांची धाकटी नणंद, पुण्यात सर्व्हर सांभाळायच्या नोकरीत आहे. मशीन दुकानातलं: विंडोज 11, 512 जीबीची एसएसडी.

वहिनी: मेधा, सी ड्राइव्ह पार लाल झालाय बघ. मोठ्या फ्लेक्सची फाइल उघडली की फोटोशॉप म्हणतं, स्क्रॅच डिस्क भरली. गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं. आणि तिकडे शंभर जीबी त्या उबुंटूने अडवलेत. पोरगं गेल्यापासून कुणी उघडलेलंसुद्धा नाही ते. डिलीट करू, सीला जोडू, झालं.

मेधा: डिलीट करायला वेळ लागत नाही, वहिनी. डिस्क मॅनेजमेंट उघड, राइट क्लिक, डिलीट व्हॉल्यूम. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून मशीन चालू केलंस आणि काळ्या पडद्यावर नुसतं ग्रब असं लिहून आलं, तर?

वहिनी: का येईल? उबुंटू तर गेलं ना?

मेधा: पार्टिशन गेलं. उबुंटू टाकलं तेव्हा त्याचे तीन तुकडे तीन ठिकाणी बसले. मोठा तुकडा त्या शंभर जीबीत. दुसरा, डिस्कच्या अगदी सुरुवातीला शंभर एमबीचं एक ईएफआय पार्टिशन असतं, त्यात. तिथे मायक्रोसॉफ्ट नावाचा एक फोल्डर आहे आणि त्याच्या शेजारी उबुंटू नावाचा. तिसरा डिस्कवर नाहीच, तो मदरबोर्डच्या चिपमध्ये आहे. चालू झाल्यावर आधी कुणाला हाक मारायची याची यादी तिथे असते आणि त्या यादीत उबुंटू पहिलं आहे. तू पार्टिशन उडवलंस तरी मदरबोर्ड उबुंटूच्याच लोडरला, म्हणजे त्या ग्रबला, हाक मारणार. तो लोडर उठणार, आपली पुढची फाइल त्या शंभर जीबीत शोधणार, आणि ती नसली की तिथेच थांबणार. विंडोज पूर्ण शाबूत असतं, फक्त त्याला कुणी हाक मारत नाही.

वहिनी: म्हणजे माझा डेटा जात नाही.

मेधा: नाही जात. मशीन चालू होताना एफ टू किंवा डिलीट दाबून सेटिंगमध्ये जायचं आणि विंडोज बूट मॅनेजर वर आणायचा, की विंडोज पुन्हा उघडतं. पण हे माहीत नसलेला माणूस घाबरतो, मशीन दुरुस्तीला नेतो आणि तिथे त्याला फॉरमॅट मारून देतात. मग मात्र सगळं जातं.

इथे मेधाचं म्हणणं मला जसंच्या तसं मान्य आहे. या कामात होणारं बहुतेक नुकसान पार्टिशन काढल्यामुळे होत नाही. काळा पडदा दिसल्यावर घाईघाईत जे केलं जातं, त्यामुळे होतं. म्हणून क्रम महत्त्वाचा: विंडोज बूट मॅनेजर आधी यादीत वर आणायचा, मशीन एकदा बंद करून चालू करायचं, विंडोज थेट उघडतं आहे याची खात्री करायची आणि मगच डिस्क मॅनेजमेंटकडे वळायचं.

वहिनी: आणि ते जुनं डेस्कटॉप? बिलिंगचं? त्यावरही त्याने असंच काहीतरी टाकून ठेवलंय.

मेधा: ते बायोसच्या जमान्यातलं आहे, त्याची तऱ्हा वेगळी. तिथे ईएफआय पार्टिशन नसतं. डिस्कचा पहिला सेक्टर, 512 बाइट्सचा, तोच कारभार बघतो. त्यातले 446 बाइट्स बूटच्या कोडला, 64 बाइट्स पार्टिशनच्या नोंदींना आणि शेवटचे दोन सहीला. नोंदी चारच मावतात, म्हणून जुन्या मशीनवर चाराच्या वर प्रायमरी पार्टिशनं होत नाहीत. त्या 446 बाइट्सवर ग्रब बसलाय. तिथे यादी वरखाली करून भागत नाही. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून मशीन उघडून तो कोड पुन्हा विंडोजचा करावा लागतो. पेनड्राइव्ह आधी तयार ठेवायचा, पार्टिशन नंतर काढायचं.

वहिनी: पण एक सांग. कोरल काढायचं तर अनइन्स्टॉल आहे. फॉन्ट काढायचा तर डिलीट आहे. पूर्ण सिस्टिम काढायला मात्र बटण नाही. मी डिझाइन करणारी बाई. हे बाइट्स आणि सेक्टर मी का शिकायचे?

मेधा: एके काळी तसं होतं. 2008 साली उबुंटूने वुबी नावाची सोय दिली होती. विंडोजमध्येच एक मोठी फाइल तयार व्हायची आणि तिच्यात अख्खं उबुंटू. नको झालं की कंट्रोल पॅनलमधून अनइन्स्टॉल, जागा आपोआप सीला परत. पुढे 2013 मध्ये ती सोय सोडून दिली.

वहिनी: चांगलं होतं ते मग बंद का केलं?

मेधा: फाइलमधली सिस्टिम, त्यात विंडोजची फाइल पद्धत, त्यावर लिनक्स. वीज गेली की दोन्हीकडे गोंधळ. आणि नव्या ईएफआय मशीनवर ते नीट बसेना.

वहिनींची ही तक्रार रास्त आहे आणि ती सहज बाजूला सारू नये. विंडोजला लिनक्सचं पार्टिशन वाचता येत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्या जागी एक निळी पट्टी दिसते. तिला नाव नाही, अक्षर नाही, नुसतं हेल्दी प्रायमरी पार्टिशन. आत पोराचे चार सेमिस्टरचे प्रोजेक्ट असतील नाहीतर रिकामं असेल, पट्टी सारखीच. उलट उबुंटू स्वतःला डिस्कवर बसवताना किती सोयीचे पर्याय देतं, आणि उठून जाताना काहीच देत नाही. सामान्य माणसाच्या हातात जाणाऱ्या वस्तूला आत येण्याइतकाच बाहेर जाण्याचाही रस्ता हवा. दोन्हीकडच्या कर्त्यांनी हा भाग वापरणाऱ्यावर सोडला आहे. तो सोडायला नको होता.

वहिनी: बरं, हाक मारायची यादी तू नीट केलीस असं धर. पार्टिशन काढलं. आता सीवर राइट क्लिक करून एक्स्टेंड व्हॉल्यूम. एवढं तर मलाही येतं.

मेधा: करून बघ, ते फिकं असेल. दाबताच येणार नाही.

वहिनी: का? शंभर जीबी मोकळे आहेत की.

मेधा: मोकळे आहेत, पण कुठे? तुझ्या डिस्कवर डावीकडून उजवीकडे काय आहे सांगते. आधी ते छोटं ईएफआय. मग सी, दीडशे जीबी. मग विंडोजचं रिकव्हरी पार्टिशन, एक जीबीही नाही. मग डी, सव्वादोनशेच्या आसपास. आणि अगदी शेवटी उबुंटू, कारण पोराने ती जागा डी आकसवून काढली होती. सगळं मिळून 476. पाचशे बारा कुठे गेले म्हणून शोधू नकोस. कंपनी शंभर कोटी बाइट्सला एक जीबी म्हणते आणि विंडोज 1024 च्या पटीत मोजतं, म्हणून तेवढा फरक दिसतो.

वहिनी: मग?

मेधा: शेतासारखं आहे. पार्टिशनची यादी म्हणजे सातबारा. उबुंटूचं नाव त्यावरून कमी झालं, पण रान जिथे होतं तिथेच आहे, डीच्या बांधाला लागून. विंडोजला एवढंच येतं की उजव्या बांधाला लागून मोकळं रान असेल तर आपल्यात घ्यायचं. डीला ते लागून आहे, म्हणून डी एका क्लिकमध्ये वाढेल. सीच्या उजव्या बांधाला रिकव्हरी आहे, तिच्या पलीकडे डी, त्याच्या पलीकडे तुझं मोकळं रान. सीचा हात तिथे पोचत नाही.

वहिनी: आणि नाव कमी झालं म्हणजे पीक तसंच उभं?

मेधा: हो, हे बरोबर धरलंस. पार्टिशन डिलीट केलं म्हणजे फक्त नोंद पुसली. आतल्या फाइली तिथेच असतात. टेस्टडिस्क नावाचं मोफत साधन आहे, ते हरवलेल्या नोंदी शोधून परत लावतं. पण त्या जागेवर नवं व्हॉल्यूम करून फॉरमॅट मारलं, तर विंडोज एसएसडीला सांगतं की हे ब्लॉक आता कामाचे नाहीत, आणि एसएसडी ते आतून साफ करते. मग परत मिळणं कठीण. म्हणून डिलीट आणि फॉरमॅट यांच्यामध्ये चार दिवस जाऊ द्यायचे.

वहिनी: हे मात्र मला पटत नाही, मेधा. तू प्रत्येक पायरीवर थांबायला सांगतेस. माझी लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते. त्या दिवसांत एका पत्रिकेमागे मला चार वेळा प्रूफ बदलावं लागतं. मला सीमध्ये जागा हवी. डी वाढून मला काय मिळणार? प्रोग्रॅम सीवर, फॉन्ट सीवर, विंडोजचे अपडेट सीवर. आणि दुकानातला पोरगा प्रत्येक गोष्ट डेस्कटॉपवर सेव्ह करतो. डेस्कटॉपही सीवरच.

मेधा: डेस्कटॉप सीवरच असायला हवा असं कुठेय? डेस्कटॉपच्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, तिथे मूव्ह. डीवर एक फोल्डर दाखव. पोरगा पूर्वीसारखंच पडद्यावर ठेवेल, फाइल बसेल डीत. डाउनलोड्सचंही तसंच. आणि फोटोशॉपची स्क्रॅच डिस्क कुठे ठेवायची हे त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये ठरवता येतं. तिथे डीवर टिक कर. तुझी निम्मी ओरड तिथेच थांबेल. पार्टिशन हलवायची गरजच नाही.

वहिनी: ही गोष्ट तू आधी का नाही सांगितलीस?

मेधा: तू सी वाढवायचंच ठरवून बसली होतीस. आणि एक, तुझ्या मशीनला 16 जीबी रॅम आहे. विंडोज झोपताना रॅममधलं उतरवून ठेवायला सीवर एक लपलेली फाइल राखून ठेवतं, रॅमच्या साधारण चाळीस टक्के. सहा जीबीच्या वर. तू हायबरनेट कधी वापरत नाहीस. ते बंद केलं की तेवढी जागा आत्ता मिळते, कुठलंही पार्टिशन न हलवता.

वहिनी: ते करूच. पण माझा मुद्दा राहतोच. मला एक मोठा सी हवा. दोन ड्राइव्ह म्हटले की कुठली फाइल कुठे, हे शोधण्यातच वेळ जातो.

मेधा: विंडोज बिघडलं तर सी फॉरमॅट करता येतो, डीला धक्का लागत नाही. तुझ्या सगळ्या जुन्या पत्रिका डीवर आहेत. त्याच्या आधारावर तर तू जुनी गिऱ्हाइकं धरून आहेस.

वहिनी: आणि एसएसडीच गेली तर? सी आणि डी एकाच पट्टीवर आहेत ना? मग दोन्ही जातील. तुझा डी म्हणजे बॅकअप नव्हे, मेधा. मागच्या गल्लीतला स्टुडिओवाला डीवर ठेवलंय म्हणून निर्धास्त होता, पट्टी गेली, सगळ्या लग्नांचे फोटो गेले.

मेधा: हे मान्य. यात मला काही बोलायला जागा नाही.

इथे वहिनींनी अचूक बोट ठेवलं आहे. सी-डी असे दोन ड्राइव्ह करायची सवय आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की डी म्हणजे सुरक्षित, हे गृहीतच धरलं जातं. दोन पार्टिशनांची सोय आहे, ती नाकारायचं कारण नाही. पण सुरक्षितता दुसऱ्या डिस्कने येते. दुकानात एक बाहेरची हार्ड डिस्क असली तर या संवादातला निम्मा वाद संपतो, कारण मग सी वाढवणंही धोक्याचं राहत नाही.

वहिनी: मग बाहेरची डिस्क घेतली, तर सी वाढवता येईल?

मेधा: दोन रस्ते आहेत. एक जीपार्टेड नावाच्या साधनाचा. पेनड्राइव्हवरून मशीन उघडायचं, डी उचलून उजवीकडे शंभर जीबी सरकवायचा, मग रिकव्हरी सरकवायची, मग मध्ये आलेली जागा सीला. पडद्यावर हे माउसने ओढण्याइतकं सोपं दिसतं. पण डी सरकवणं म्हणजे सव्वादोनशे जीबी एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागेवर लिहिणं. तासन्‌तास चालतं. मधे वीज गेली तर पार्टिशन अर्धं इकडे, अर्धं तिकडे.

वहिनी: यूपीएस आहे दुकानात.

मेधा: किती मिनिटं चालतो?

वहिनी: फाइल सेव्ह करून बंद करण्यापुरता.

मेधा: म्हणून मी दुसरा रस्ता धरेन. डीमधलं सगळं बाहेरच्या डिस्कवर. दोन-चार मोठ्या फाइली तिथून उघडून बघायच्या, नुसती कॉपी झाली म्हणून विश्वास ठेवायचा नाही. मग उबुंटू आणि डी दोन्ही डिलीट. रिकव्हरी आधी बंद करायची, तिच्यातली फाइल विंडोज स्वतः सीमध्ये आणून ठेवतं. मग ते पार्टिशन काढायचं. आता सीच्या उजवीकडे सव्वातीनशे जीबी सलग. त्यातले दीडशे सीला दे, शेवटी एक जीबी रिकव्हरीसाठी ठेव, मधल्याचा पुन्हा डी. कुठल्याही क्षणी तुझ्या फाइलींची एक पूर्ण प्रत शाबूत असते. वीज गेली तरी.

वहिनी: रिकव्हरी परत कशाला? कधी वापरली नाही.

मेधा: विंडोज उघडेनासं झालं की ती लागते. आणि ती तोकडी ठेवू नकोस. जानेवारी 2024 मध्ये विंडोज 10 चा एक अपडेट कितीतरी मशीनवर बसेना, कारण रिकव्हरी पार्टिशन लहान पडत होतं. मायक्रोसॉफ्टने लोकांनाच सांगितलं, 250 एमबीने वाढवून घ्या. सांगलीतल्या डीटीपीवालीने ते कसं करायचं?

वहिनी: तेच तर मी मघापासून म्हणतेय.

मेधा: अजून एक बघायचंय. सीच्या चित्रावर कुलूप दिसतं का? दिसलं तर बिटलॉकर चालू आहे. बूटच्या यादीत हात घालण्याआधी तो थोडा वेळ थांबवायचा आणि त्याची 48 आकड्यांची किल्ली कागदावर छापून घ्यायची. नाहीतर चालू करताना ती मागेल, आणि ती किल्ली पोराच्या खात्यात असेल.

वहिनी: कुलूप आहे खरं. मला वाटायचं ते कायम असतंच.

मेधा: मग पहिलं काम ते.

वहिनी: आणि तो ईएफआयमधला उबुंटूचा फोल्डर? तो किती जागा खातो?

मेधा: चार-सहा एमबी. जागेसाठी काढायचा नाही, यादी साफ राहावी म्हणून काढायचा. त्या पार्टिशनला विंडोज अक्षर देत नाही, ते तात्पुरतं द्यावं लागतं. तिथे फक्त उबुंटू नावाचा फोल्डर काढायचा. शेजारच्या मायक्रोसॉफ्टला हात लावला तर विंडोज उघडणार नाही. हे मी करते, सांगलीला आल्यावर. तोवर ते तिथे राहिलं तरी बिघडत नाही.

वहिनी: आणि घड्याळ? बिलांवर मधूनच साडेपाच तास मागची वेळ छापून यायची, पोरगं उबुंटू वापरून गेलं की.

मेधा: ते थांबेल. उबुंटू मदरबोर्डच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ लिहितं, विंडोज तीच आपली वेळ समजतं. भारत साडेपाच तास पुढे, म्हणून तेवढाच फरक.

वहिनी: वर्षभर मी मदरबोर्डचा सेल बदलायला सांगत होते.

मेधा: म्हणजे ठरलं असं. आज हायबरनेट बंद, स्क्रॅच डिस्क डीवर, डेस्कटॉप आणि डाउनलोड्स डीवर. त्यावर काही दिवस काम करून बघ. तरी सी लाल झाला, तर बाहेरची डिस्क घे, मी येते, सी तीनशेचा करू.

वहिनी: तर नाही, होणारच. डिस्क मी उद्याच घेते, ती तशीही लागणार आहे. आणि सी मोठाच करायचा, ते ठरलंय. डीवर फक्त जुन्या पत्रिका.

मेधा: चालेल. दुकान तुझं आहे. पण उबुंटू काढण्याआधी एकदा ते उघडायचं आणि त्याच्या होम फोल्डरमधलं सगळं नव्या डिस्कवर घ्यायचं. विंडोजमधून ते दिसणार नाही, आणि त्यात काय आहे हे आपल्याला माहीत नाही.

वहिनी: उघडलं की पासवर्ड मागतं ते.

मेधा: मग आत्ताच त्याला फोन लाव.